विंगेतला नवरा

धनाजी मुकादमाच्या घरात प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर धनाजीच देणार. डॉक्टर सुनयनाला म्हणायचे, "काय होतंय?" आणि धनाजी सांगायचा, "पित्त. रात्रीचा भात खाती ना." साडीच्या दुकानातला माणूस विचारायचा, "ताई, रंग कुठला दाखवू?" आणि धनाजी म्हणायचा, "हिरवा काढा. तिला हिरवाच आवडतो." सुनयनाला हिरवा खरंच आवडायचा की नाही, हे आता तिलाही छातीठोक सांगता आलं नसतं. बावीस वर्षांच्या संसारात तिचं वाक्य तिच्याआधी नवऱ्याच्या तोंडून बाहेर पडत आलं होतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असायचं. पंचाईत होती ती हीच. नवरा दारुडा असता, मारकुटा असता, तर चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. हा बाबा सगळं प्रेमाने करायचा.

धनाजी वाशीच्या मार्केटात माथाडी टोळीचा मुकादम. त्याने आरोळी दिली की पोती उचलायची आणि दुसरी दिली की खाली ठेवायची. घरी आल्यावर माणसाने जरा आवाज आवरावा, पण ते त्याला कधी जमलं नाही.

तळवली आणि घणसोलीच्या बाजूला राहणाऱ्या साताऱ्याकडच्या मंडळींचं एक रहिवासी मंडळ आहे. धनाजी त्याचा सेक्रेटरी. दर फेब्रुवारीत मंडळाचं स्नेहसंमेलन होतं. दुपारी बायकांचं हळदीकुंकू, मग पास झालेल्या मुलांचा सत्कार, संध्याकाळी नाटक आणि नाटकानंतर जेवण. नाटक लांबलं की जेवण निवतं, म्हणून नाटकाकडे लोकांचं बारीक लक्ष असतं.

नाटक करायची या मंडळाची रीत गावच्या जत्रेतून आलेली. जत्रेतल्या नाटकाला नटी बाहेरून आणायची. ती त्याच दिवशी सकाळी एसटीतून उतरायची आणि नाटकाचं नाव तिला चहा पिताना कळायचं. बाकीचे नट शेतातून आलेले, त्यांना पाठांतराला वेळ कुठला? सगळा भार विंगेतल्या प्रॉम्प्टरवर. त्याने वाक्य सांगायचं आणि नटाने ते आवाज चढवून म्हणायचं. धनाजीचे वडील पंचक्रोशीतले नावाजलेले प्रॉम्प्टर होते, आणि त्यांच्यामागे ते काम धनाजीकडे आलं. गाव सुटलं, खाडीकाठी बिऱ्हाडं थाटली, पोरं इंजिनिअर झाली, तरी मंडळात पाठांतर कुणी करत नाही. कुणी चुकून केलंच, तर प्रॉम्प्टरवर विश्वास नाही का, म्हणून त्यालाच बोल लागतो.

यंदा दिग्दर्शक जयप्रकाश मास्तरांनी एक जुनं तीन अंकी नाटक काढलं. कुठल्याशा थंड देशातल्या गाजलेल्या नाटकावरून कुणीतरी मराठीत आणलेलं. मास्तर निवृत्त झाल्यापासून त्यांना असं काही गंभीर करायची हौस होती. मंडळाने ते पास केलं, कारण पात्रं कमी, सेट एक सोफा आणि एक दार, आणि तलवारी भाड्याने आणायच्या नव्हत्या. गोष्ट एका इंदिरेची. नवऱ्याची लाडकी, घरातली शोभेची बाहुली. शेवटी तिला कळतं की आपण कोण हे आपल्यालाच माहीत नाही, आणि ते शोधायला ती घर सोडून जाते.

आणि नाटकाला महिना उरला असताना, ठरवलेल्या सांगलीच्या नटीला सिरियल मिळाली. मीटिंगमध्ये सगळे हातावर हात धरून बसलेले असताना धनाजी म्हणाला, "आमची ही करंल की! मी हाय ना प्रॉम्प्टिंगला." सुनयना तेव्हा घरी मटार सोलत होती. आपण इंदिरा झालो, हे तिला जेवताना कळलं.

ती आधी घाबरली, मग चिडली, आणि मग नाटकाची संहिता हातात घेऊन सहज चाळायला बसली. चाळता चाळता आमटी करपली.

इंदिरेच्या नवऱ्याचं काम पोपटकडे होतं. पोपट धनाजीच्या टोळीतला, दिसायला राजबिंडा, पण एका कानाने कमी ऐकणारा. वाक्य ऐकू यावं म्हणून तो डाव्या विंगेपासून दोन हात लांब कधी जायचा नाही. इंदिरेला त्याच्याशी बोलायचं म्हणून तीही तिथेच. मग सोफा तिथे सरकला, टेबल सरकलं, इंदिरेची मैत्रीण आणि डॉक्टरही तिथेच येऊन उभे राहायचे. एवढं मोठं स्टेज, आणि सगळा संसार एका कोपऱ्यात. दार तेवढं उजव्या टोकाला राहिलं, कारण सुताराने ते आधीच ठोकलं होतं.

तालमीत सुनयना रीतीप्रमाणे धनाजीच्या तोंडाकडे बघून बोलायची. पण पहाटे तो मार्केटला गेला, सासूबाई भिंतीपलीकडच्या खोलीत पडलेल्या असल्या, की स्वयंपाकघरात तिचं दुसरं नाटक सुरू व्हायचं. कणीक मळताना पहिला अंक, भाजी फोडणीला टाकताना दुसरा. तिसऱ्या अंकातलं एक वाक्य तिच्या जिभेवर असं बसलं की ते उठेना: "तुम्ही मला जपलंत, पण मला कधी विचारलं नाहीत." ती ते हळू म्हणायची, ठसक्यात म्हणायची, कुकरच्या शिटीच्या वर आवाज काढून म्हणायची. महिनाभरात अख्खं नाटक पाठ झालं. आपल्या तोंडातून आपल्या आवाजात, कुणी न सांगता, एवढी लांबलचक वाक्यं बाहेर येतात याचं तिला इतकं अप्रूप वाटायचं की ती एकटीच हसायची. धनाजीला तिने काही सांगितलं नाही. त्याला वाईट वाटलं असतं.

रंगीत तालमीला मंडळाचे अध्यक्ष बाबासो, सगळ्यांचे आबा, आले. सत्तरीचा माणूस, पांढराशुभ्र लेंगा, हातात काठी, आणि शब्द खाली पडू न देण्याची सवय. त्यांनी नाटक शेवटपर्यंत गुमान बघितलं. इंदिरेने किल्ल्या टेबलावर ठेवल्या, दार उघडलं आणि गेली. पोपटने विंगेतून आलेलं शेवटचं वाक्य म्हटलं आणि पडदा पडला.

"मास्तर," बाबासो म्हणाले, "बाई कुठं गेली?"

"घर सोडून गेली, आबा."

"मग माघारी कवा येती?"

"येत नाही. नाटक तिथंच संपतं."

बाबासोंनी काठी आपटली. "आवो, दुपारी बायका हळदीकुंकू लावून बसणार, आन् संध्याकाळी आपणच त्यांना घर सोडून जायला शिकवायचं व्हय? जेवणं कशी ग्वाड लागायची?"

"आबा, शंभरावर वर्षं झाली, जगभर हे नाटक असंच संपतं."

"जगाला नाटकावर जेवण नसंल. आपल्याला हाय. ते काय न्हाय. बाईला दारातनं माघारी फिरवा आन् सोफ्यावर बसवा."

मास्तरांनी थोडी कुरकुर केली, मग खिशातलं पेन काढलं आणि एका कागदावर चार वाक्यं लिहिली. 'थांबते मी. तुमच्याशिवाय मला कोण आहे? चुकले मी. चहा टाकते.' धनाजीने तो कागद संहितेत टाचणीने लावला. झालं. शेवट बदलला. सुनयना तिथेच तीन खुर्च्या सोडून पडद्याची सुटलेली शिवण घालत बसली होती. तिला सांगायला हवं, असं कुणाच्या मनातही आलं नाही. यात काही काळंबेरं नव्हतं. प्रॉम्प्टर सांगेल ते नटाने म्हणायचं, मग नटाला वेगळं काय सांगायचं? त्यांच्या रीतीने ते बरोबरच होतं.

सुनयनाचा हात मात्र शिवणीत थांबला होता. महिनाभर ती जे वाक्य घोटत होती, त्याच्या पाठोपाठ आता ती 'चुकले मी' म्हणणार होती. आणि हे वाक्य बदलतानाही तिला कुणी विचारलं नव्हतं. सुई बोटात घुसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सुईमुळे नव्हतं.

घरी भाकरी वाढताना ती म्हणाली, "अहो, मला जुनाच शेवट करायचाय."

"अगं, तू टेन्शन नको घेऊ. मी हाय ना विंगेत. तू नुसती माझ्या तोंडाकडं बघ."

"टेन्शन नाही घेतलं. मी म्हणतेय, मला जायचंय त्या दारातनं."

धनाजीने घास खाली ठेवला. "आबा भडकतील गं. मी सेक्रेटरी. लोक म्हणतील, घरातली बाई ऐकत न्हाय, हा मंडळ काय चालवणार?" हे तो इतक्या कळवळून म्हणाला की सुनयनाला त्याचीच दया आली. तिने त्याला आणखी अर्धी भाकरी वाढली आणि विषय तिथेच राहिला. आपण त्या दिवशी काय करणार, हे तिचं तिला ठरत नव्हतं.

संमेलनाच्या दिवशी समाजमंदिर खच्चून भरलं. पहिल्या रांगेत मधोमध बाबासो, आणि त्यांच्या शेजारी सुनयनाच्या सासूबाई, वेणूबाई. बाबासोंच्याच गावच्या, त्यांच्यापेक्षा वयाने मोठ्या, त्यामुळे गावाच्या नात्याने ते त्यांना आक्का म्हणायचे आणि जरा वचकूनही असायचे.

पडदा उघडला तेव्हा सुनयनाला सवयीने विंगेकडे बघावंसं वाटलं. पण पहिलं वाक्य तिकडे न बघताच निघालं. विंगेतून धनाजी सांगायचा, पण त्याचं वाक्य अर्ध्यात असतानाच तिचं पूर्ण झालेलं असायचं. दुसऱ्या अंकापर्यंत धनाजीच मागे पडायला लागला. पान उलटायला उशीर झाला की तो धापा टाकत पुढचं शोधायचा. पोपट मात्र विंगेला कान लावून इमानाने उभा होता. मधे एकदा सुनयनाने आपलं वाक्य संपवून त्याला त्याचंही हळूच सांगितलं, आणि त्याने कृतज्ञतेने मान डोलावली. लोकांना वाटलं, काय प्रेमळ नवरा आहे.

तिसरा अंक आला. पोपटचं आकांडतांडव करून झालं, मग गोड बोलून झालं. सुनयना सोफ्यावरून उठली.

"तुम्ही मला जपलंत," ती म्हणाली, "पण मला कधी विचारलं नाहीत."

मागच्या बाजूला पोरं खेळत होती, तीही गप्प झाली. तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि उजवीकडे चालायला लागली. संध्याकाळभर त्या बाजूला कुणी फिरकलं नव्हतं. दिवेवाल्याने तिकडे दिवाच लावला नव्हता, त्याची धावपळ झाली.

"थांबते मी," विंगेतून धनाजी कुजबुजला.

सुनयना चालत राहिली.

"थांबते मी," धनाजी जरा मोठ्याने म्हणाला. आता स्टेजची पुरी लांबी मधे होती. त्याला खरंच वाटलं, हिला ऐकू जात नाहीये. मग मुकादमाने छाती भरून मार्केटातला आवाज लावला, "थांबते मी, म्हण! अगं थांबते म्हण!"

ते शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेलं. बाहेर मसालेभात हलवणाऱ्या आचाऱ्यालाही ऐकू गेलं. समाजमंदिरात हशा पिकला.

सुनयनाचे कान तापले. दाराच्या कडीवर तिचा हात होता आणि गंमत अशी की ते वाक्य तिच्या घशापर्यंत आलंही होतं. बावीस वर्षांची सवय. धनाजीने सांगायचं आणि आपण म्हणायचं, त्यात जिभेला कधी विचार करावा लागला नव्हता. ओठ हललेसुद्धा. मग तिने ओठ मिटले, विंगेकडे न बघता लोकांकडे तोंड केलं आणि हशा ओसरेपर्यंत थांबली.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "बावीस वर्षं हाच आवाज आहे. मी काय बोलायचं ते माझ्याआधी सांगतो. वाईट नाही हो तो. पण आता माझं मला बोलायचंय."

नाटकातल्या इंदिरेच्या लग्नाला दहाच वर्षं झाली होती, पण तो हिशेब करायला कुणी बसलं नाही. सुनयनाने दार उघडलं, बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

दाराच्या मागे होत्या भाड्याच्या खुर्च्यांच्या चळती आणि पाण्याचे जार. त्यांच्या मधे ती उभी राहिली. तोंडावर हात दाबूनही हसू आवरत नव्हतं.

स्टेजवर पोपट एकटा राहिला. बाई गेल्यावर त्याने काय म्हणायचं, हे जुन्या शेवटात होतं, नव्यात नव्हतं, आणि त्याला दोन्ही माहीत नव्हते. त्याने विंगेकडे पाहिलं. धनाजीच्या हातात संहिता लोंबकळत होती आणि त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. पोपट सोफ्यावर बसला. उठला. दाराकडे बघितलं. पुन्हा विंगेकडे बघितलं. अखेर अगदी काकुळतीने त्याने विचारलं, "आता?"

प्रेक्षकांत कुणीतरी हुंदका दिला. पडदा पडला आणि टाळ्यांनी पत्रे हलले.

नाटकानंतर जेवणाच्या मांडवात सुनयनाभोवती बायकांचा गराडा पडला. करंजाड्याहून आलेली एक पाहुणी म्हणाली, "ते आतनं आवाज येणं काय भारी सुचलं हो तुम्हाला!" जयप्रकाश मास्तर शेजारीच होते. ते म्हणाले, "तो माझा एक नवा प्रयोग होता," आणि श्रीखंडाची वाटी उचलून पसार झाले.

मग बाबासो आले. गराडा आपोआप फाकला. धनाजी त्यांच्या मागून घाम पुसत आला.

"सेक्रेटरी," बाबासो म्हणाले, "काय ठरलं हुतं?"

धनाजीने एकदा बायकोकडे पाहिलं. "आबा, तिला ऐकू आलं न्हाय. त्या अंगाला पंखा हाय ना, त्याचा लय आवाज. बिचारीला कायच ऐकू आलं न्हाय."

बाबासोंचा चेहरा सैल पडायला लागला. ऐकू नाही आलं म्हटलं की त्यांचा शब्दही राहत होता, सेक्रेटरीची अब्रूही राहत होती आणि जेवणही गोड लागणार होतं. सुनयनाने फक्त गप्प राहायचं होतं. नवऱ्याने तिला वाचवायलाच हे केलं, हे तिला दिसत होतं, आणि त्याच्याबद्दल पोटात माया दाटून आली. पण आता गप्प राहिलं, तर दारातून गेलेली बाई पुन्हा सोफ्यावर येऊन बसणार होती.

"ऐकू आलं होतं, आबा," ती म्हणाली. हे कुठल्या संहितेत नव्हतं. "सगळं ऐकू आलं. मला जायचं होतं, म्हणून मी गेले."

तेवढ्यात पलीकडच्या खुर्चीवरून वेणूबाई बोलल्या, "मी म्हनते, दुसऱ्याच अंकात जायला पायजे हुतं. महिना झाला भिंतीपल्याडनं ऐकतीया, मला तर तवाच त्या मेल्याचा राग आला हुता. तिसऱ्यापातूर थांबली, हेच लय झालं."

बायका हसायला लागल्या. बाबासोंनी आक्कांकडे पाहिलं आणि तिकडे वाद घालण्यात अर्थ नाही हे ओळखलं. मग ते धनाजीकडे वळले. "तुजी बायको म्हनती मला ऐकू आलं हुतं. तू म्हनतोस न्हाय आलं. तुजं नक्की काय म्हननं हाय?"

धनाजी सुनयनाच्या जवळ सरकला. खाली मान घालून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्याने तिला विचारलं, "काय सांगू?"

सुनयनाला वाक्य सुचलेलं होतं. चांगलं होतं, आबांनाही पटलं असतं. ते ओठांवर आलं आणि तिने गिळलं.

"तुमचं तुम्ही सांगा," ती म्हणाली.

एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण शब्द हुडकताना त्याची जीभ जड झाली होती. "आबा," शेवटी तो म्हणाला, "मला... मला भ्या वाटलं. ती दार लावून गेली तवा वाटलं, खरंच गेली. मंग मला पुढचं वाचताच येईना."

यावर कुणी हसलं नाही. बाबासोंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, धनाजीच्या खांद्यावर थोपटलं आणि "जेवा आता, भात निवतोय," म्हणून पुढे गेले.

सुनयनाने एक ताट उचललं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. रांगेत पुढे पुरी होती, मसालेभात होता, श्रीखंड होतं. त्याला श्रीखंड लागतं, पुरी दोनच, भात शेवटी, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

"काय वाढू?" तिने विचारलं, आणि तो सांगेपर्यंत हातात डाव घेऊन थांबली.